'बॅशआरसी'तले 'आरसी' आले कोठून?

लिनक्सवर काम करणारा तरुण प्रोग्रामर 'बॅशआरसी' नावाच्या फाइलमध्ये एक ओळ लिहितो. त्यानंतर दोन-तीन अक्षरे टंकताच त्याचा सारा प्रकल्प एडिटरमध्ये उघडतो. नावाच्या शेवटी असलेली ती 'आरसी' ही अक्षरे मात्र लिनक्सहून कितीतरी जुनी आहेत.

एके काळी प्रोग्रामरला संगणकासमोर बसण्याची मुभाच नव्हती. छिद्रे पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा खिडकीत द्यायचा आणि उत्तरासाठी तासन्‌तास थांबायचे. एक स्वल्पविराम चुकला, की पुन्हा तीच रांग. एमआयटीत फर्नांडो कॉर्बाटो यांच्या गटाने १९६१ मध्ये सीटीएसएस ही प्रणाली दाखवली आणि एकाच यंत्रावर अनेकांना आपापल्या टर्मिनलवरून काम करता येऊ लागले.

रांग संपली, पण नवा जाच सुरू झाला. त्याच त्या आज्ञा रोज, त्याच क्रमाने, हाताने टंकायच्या!

फ्रान्सहून आलेले लुई पूझँ सीटीएसएससाठी अशा आज्ञा लिहीत होते. एका आज्ञेतून दुसरी का घडवू नये, हा त्यांचा प्रश्न होता. १९६३-६४ च्या सुमारास त्यांनी 'रनकॉम' तयार केले. आज्ञा एका फाइलमध्ये ओळीने लिहून ठेवायच्या, बदलणारी नावे ऐनवेळी पुरवायची आणि पुढचे यंत्रावर सोपवायचे. लांबलचक काम रात्रभर चालू ठेवून लोक संध्याकाळी घरी जाऊ लागले. रनकॉम लोकप्रिय झाले, यात नवल ते काय?

पुढे मल्टिक्स या प्रणालीसाठी पूझँ यांनी या कल्पनेला 'शेल', म्हणजे कवच, असे नाव दिले. १९६५ मध्ये ते मायदेशी परतले; मल्टिक्सचा पहिला शेल प्रत्यक्ष लिहिला तो ग्लेंडा श्रोडर यांनी. हे नाव इतिहासात फारच क्वचित घेतले जाते.

मल्टिक्समधून बाहेर पडलेल्या बेल लॅब्जमध्ये युनिक्स जन्मले. तिथे 'रनकॉम'चे संक्षिप्त रूप 'आरसी' एवढेच उरले. बर्कलेत बिल जॉय यांनी सी-शेलच्या 'सीएसएचआरसी' फाइलमध्ये लांब आज्ञांना टोपणनावे देण्याची सोय केली. तिथेच केन अरनॉल्ड यांच्या 'सीटॅग्ज'ने फंक्शनच्या नावांची सूची बनवली. नाव सांगताच व्हीआय हा एडिटर नेमकी फाइल नेमक्या ओळीवर उघडू लागला. १९८९ मध्ये ब्रायन फॉक्स यांचा बॅश आला, तोही हेच शेपूट घेऊन.

पूझँ यांची ख्याती आज आहे ती फ्रान्सच्या 'सिक्लाद' या संगणक-जाळ्यासाठी, ज्यातील कल्पना पुढे इंटरनेटच्या रचनेत उतरल्या. रनकॉमचा उल्लेख त्यांच्या चरित्रात जेमतेम एखाद्या ओळीचा असतो.