यमूचा शेवट कोणाला पटला? एका फसलेल्या सिनॉप्सिसची गोष्ट

पेटची तयारी करणारे बरेच जण विचारतात, "ताई, विषय ठरला, आता प्रश्न कसा तयार करायचा?" त्याचं सरळ उत्तर माझ्याकडे नाही. माझा पहिला सिनॉप्सिस परत कसा आला, तेवढं सांगू शकते.

मी मूळची केमिस्ट्रीची. एमएस्सी झाल्यावर ग्रंथालयशास्त्राकडे वळले आणि जुन्या मराठी नियतकालिकांच्या वाचकांवर काम करायचं ठरवलं. सिनॉप्सिसमध्ये मोठ्या थाटात लिहिलं होतं: 'एकोणिसाव्या शतकातील मराठी कादंबऱ्यांच्या शेवटाने वाचकांचे समाधान झाले काय?' समितीतल्या एका सरांनी शांतपणे विचारलं, "मोजणार कशाने?" टायट्रेशनमध्ये रंग बदलला की एंडपॉइंट आला हे कळतं. १८९३ साली पुण्यातल्या वाड्यात कोणीतरी पुस्तक मिटलं, तेव्हा कुठला रंग बदलला? मी गप्प.

आता मुद्द्यावर येते. मी मुख्य उदाहरण घेतलं होतं हरि नारायण आपट्यांच्या 'पण लक्षात कोण घेतो?'चं. आपट्यांनी १८९० मध्ये 'करमणूक' हे साप्ताहिक काढलं आणि ही कादंबरी त्यातून क्रमशः आली, १८९३ पर्यंत. यमू नावाची मुलगी स्वतःची हकीकत सांगते. माहेर, लहानपणी झालेलं लग्न, सासरचा जाच, मग मुंबईत नवऱ्यासोबत मिळालेले थोडे मोकळे दिवस. नवरा जातो. तिचं जबरदस्तीने केशवपन होतं. आणि ती मरते. तीन वर्षं हप्त्याहप्त्याने जिच्यासोबत राहिलो, ती बाई अशी संपते.

वाचकाला हे कसं वाटलं असेल? आपण लगेच म्हणतो, "लोक हळहळले असतील." पण 'असतील'वर पीएचडी मिळत नाही.

म्हणून मी प्रश्न उलटा केला. वाचकांना काय वाटलं हे नंतर बघू, आधी त्यांना कुठल्या शेवटाची सवय होती ते शोधू. इथे एक गोष्ट हाती लागली आणि तिने माझा सगळा प्रबंधच फिरवला.

इंग्रजी कादंबरीत नायक-नायिका भेटतात, अडथळे येतात, शेवटी लग्न होतं. वाचक खूश. डिकन्सनं 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'मध्ये १८६१ साली पिप आणि एस्टेला यांची कायमची ताटातूट लिहिली होती. बुल्वर-लिटन या लेखकमित्रानं सुचवलं म्हणून छापण्याआधी शेवट बदलला आणि दोघांच्या भेटीची आशा ठेवली. म्हणजे तिथे लेखकाच्या हातात दोन शेवट तरी होते.

आपल्याकडे पांढरपेशा घरांत मुलीचं लग्न आठव्या-दहाव्या वर्षी व्हायचं. लग्न हा कादंबरीचा शेवट होणार कसा? ते तर दुसऱ्या-तिसऱ्या प्रकरणातच उरकतं! ही माझी कल्पना नाही. 'मंजुघोषा' लिहिणाऱ्या नारो सदाशिव रिसबुडांनी १८६८ मध्ये प्रस्तावनेत जवळपास हीच तक्रार केली होती. आपल्याकडची लग्नाची रीत आणि एकूण जगणं असं आहे, की जसंच्या तसं लिहिलं तर त्यात रस वाटणार नाही, म्हणून अद्भुताचा आधार घ्यावा लागतो, असा त्यांचा सूर होता. मग राजकन्या, ताटातूट, संकटं आणि शेवटी मीलन. त्याआधीची हळब्यांची 'मुक्तामाला' (१८६१) त्याच जातीची. वाचकाला गोड शेवट हवा, तर त्याला आपल्या घराबाहेर, आपल्या काळाबाहेर न्यावं लागत होतं.

आणि ज्या कादंबरीनं घरातली गोष्ट सांगूनही लग्नात शेवट केला, तिला काय करावं लागलं? बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' १८५७ मध्ये आली, म्हणजे विधवाविवाहाचा कायदा झाल्याच्या दुसऱ्याच वर्षी. नायिकेचं नाव यमुनाच! ती नवऱ्याबरोबर प्रवास करते, वाटेत विधवांचे हाल बघते. मग तिचाच नवरा, विनायक, मरतो. शेवटी यमुना ख्रिस्ती होते आणि पुन्हा लग्न करते. गोड शेवट आहे, पण त्याची किंमत बघा. धर्म सोडल्याशिवाय लेखकाला तो लिहिता आला नाही. पदमनजी स्वतः ख्रिस्ती झालेले, त्यांना ती किंमत वाटली नसेल. पण पुण्यातल्या सनातनी वाचकाला हा शेवट गोड लागला असेल का?

दोन यमुना, मध्ये तेहतीस वर्षं. पहिलीला सुख मिळतं पण समाज सुटतो. दुसरी समाजातच राहते आणि मरते. आपट्यांनी जो शेवट केला तो त्यांना हवा होता म्हणून केला, की दुसरा शक्यच नव्हता म्हणून? मला आधी दुसरं वाटायचं. आता तसं ठाम म्हणवत नाही, कारण ती कादंबरी चालू असताना बाहेर काय घडत होतं ते बघा. १८८९ मध्ये पंडिता रमाबाईंनी शारदा सदन काढलं होतं. १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा झाला, दहाचं वय बारा झालं, आणि त्यावरून पुणं पेटलेलं. १८९३ च्या मार्चमध्ये धोंडो केशव कर्व्यांनी शारदा सदनातल्याच एका विधवेशी लग्न केलं. म्हणजे यमूला वाचवायचं असतं तर खरा दाखला त्याच वर्षी, त्याच शहरात होता. आपट्यांनी तो घेतला नाही. मला वाटतं त्यांनी मुद्दाम घेतला नाही. यमू सुखी झाली असती तर वाचकाने सुस्कारा टाकून अंक बाजूला ठेवला असता. शीर्षकातला प्रश्न मग विचारायचा कोणाला?

हे माझं मत झालं, पुरावा नाही. तुम्हीही प्रबंधात या दोन गोष्टी वेगळ्या रंगाच्या पेनने लिहा, फायदा होईल.

मग पुरावा कुठे? त्या काळच्या वाचकांनी मत लिहून ठेवलंय का? टीकाकारांनी ठेवलंय. काशीनाथ बाळकृष्ण मराठ्यांचा नावल आणि नाटकांवरचा निबंध १८७२ चा आहे. पण तो विद्वानाचा. साधी वाचक, तीही बाई, कुठे बोलते का?

बोलते. आणि आपल्या वऱ्हाडातली! बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे. १८८२ चं त्यांचं 'स्त्रीपुरुष तुलना' आपण सगळे स्त्रीवादी निबंध म्हणून वाचतो. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला शिक्षा झाली, त्यावर वर्तमानपत्रांनी बायकांच्या जातीलाच झोडपलं, त्या रागातून ते लिहिलं गेलं. पण त्याच पुस्तकात ताराबाई 'मुक्तामाला', 'मंजुघोषा' अशा पुस्तकांवर तुटून पडतात. यांत बायका कशा रंगवल्या आहेत, तशा खऱ्या कुठे असतात का, हा त्यांचा सवाल. एका वाचकाचं असमाधान छापील स्वरूपात, तारखेसकट! मी हे पुस्तक बीएस्सीपासून ओळखत होते, पण 'वाचकाचा अभिप्राय' म्हणून कधी बघितलंच नव्हतं. पुरावा बऱ्याचदा भलत्याच शीर्षकाच्या कपाटात असतो.

मात्र ताराबाईंना खटकलं ते गोड शेवटांच्या कादंबऱ्यांतलं खोटेपण. म्हणजे गोड शेवट आणि समाधान यांचं समीकरण निदान एका वाचकापुरतं तरी तुटलं.

आता थोडं घरचं. माझी आजी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. सत्तरी कधीच ओलांडली. सव्विसाव्या वर्षी तिचा नवरा गेला, १९७२ च्या दुष्काळात, पदरात दोन लेकरं. तिला वाचता येत नाही. गेल्या उन्हाळ्यात मी तिला 'पण लक्षात कोण घेतो?' संध्याकाळी थोडं थोडं वाचून दाखवलं. (त्या काळीही अनेक घरांत एकजण वाचायचा आणि बाकीचे ऐकायचे, त्यामुळे पद्धत म्हणून हे अगदीच चुकीचं नाही.) जाच तिला लगेच कळला. केशवपनाशी आल्यावर मात्र थांबली. "केस कायले काढले वं तिचे?" मग थोड्या वेळानं, "अन् पाट नाही लावला का कोनं?"

मी पुस्तक मिटून ठेवलं. मी इतके महिने 'मराठी वाचक' असं लिहीत होते. आमच्या कुणबी समाजात केशवपन नव्हतं आणि विधवेचा पाट लावायची रीत जुनी होती. १८५६ चा कायदा ज्यांच्यासाठी क्रांती होता, ते सगळे वरच्या जातींतले. आपट्यांचा 'अटळ' शेवट आजीला अटळ वाटलाच नाही. तिच्यासाठी तो एका विशिष्ट घरातल्या हट्टाचा शेवट होता.

"मग तू का नाही लावला पाट?" मी विचारलं. कधी विचारलंच नव्हतं.

"वावर गेलं असतं ना. दिरानं ठेवलं असतं का?"

१८५६ च्या कायद्याचं दुसरं कलम असंच होतं: पुन्हा लग्न केलं की मेलेल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क संपला. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं विधवेला पूर्ण मालकी दिली. म्हणजे १९७२ मध्ये आजीचं वावर पाट लावूनही तिचंच राहिलं असतं. हे तिला कोणी सांगितलं नाही. मीही त्या संध्याकाळी सांगितलं नाही, पन्नास वर्षांनी सांगून काय करू? शेवटचं प्रकरण वाचून झालं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "सुटली बापा." तिला शेवट पटला होता. मला मात्र अजून पटलेला नाही.

२०१९ च्या जानेवारीत यवतमाळला साहित्य संमेलन झालं. उद्घाटनासाठी नयनतारा सहगल यांना दिलेलं निमंत्रण मागे घेतल्यावर केवढा गदारोळ झाला ते तुम्हाला आठवत असेल. शेवटी उद्घाटन केलं आपल्याच जिल्ह्यातल्या वैशाली येडे यांनी. शेतकरी नवऱ्याच्या आत्महत्येनंतर उभ्या राहिलेल्या, 'तेरवं' या नाटकात काम करणाऱ्या. साहित्याच्या मंडपात विधवा बाई स्वतः बोलत होती, तिची हकीकत लिहायला कोणी हरि नारायण लागला नाही. मी तेव्हा कॉलेजात होते आणि माझं लक्ष पुस्तकांच्या स्टॉलवर जास्त होतं, हे कबूल करते.

तर सिनॉप्सिसचं काय झालं? प्रश्न बदलला. 'समाधान झाले काय?' हे काढून टाकलं. आता असा आहे: 'विधवेच्या कथेला कोणते शेवट उपलब्ध होते, आणि ते कोणत्या वाचकाला शक्य कोटीतले वाटत होते?' यातला पहिला भाग मोजता येतो. १८५७ ते १९०० मधल्या कादंबऱ्यांची यादी करून प्रत्येकीत विधवा आहे का, तिचं काय होतं, मरण, पुनर्विवाह, धर्मांतर, तीर्थयात्रा की लेखकानं गोष्टच अर्धी सोडली, याचा तक्ता करतेय. (अर्धी सोडलेली हा रकाना गंमत म्हणून ठेवला नाही. खुद्द आपट्यांच्या काही सामाजिक कादंबऱ्या अपुऱ्याच राहिल्या.) दुसऱ्या भागासाठी पत्रं, प्रस्तावना, आत्मचरित्रं, आणि ताराबाईंसारखे भलत्या कपाटातले पुरावे.

समितीतल्या त्याच सरांनी या वेळी विचारलं, "आजीची मुलाखत परिशिष्टात टाकणार का?" मी म्हटलं, आजीला विचारून सांगते. विचारलं. ती म्हणाली, टाक, पण वावराचं लिवू नको, दीर अजून जिवंत आहे. म्हणून परिशिष्टात तिच्या नावाऐवजी 'सहभागी १' आहे. इथे ती गोष्ट लिहितानाही तिची परवानगी घेतली आहे, गावाचं नाव न घालण्याच्या अटीवर.