मनोरी ते मरोळ : गावच्या चर्चचा वारसा

मनोरी, गोराई, मढ, मरोळ ही आज मुंबई उपनगर जिल्ह्यात मोडणारी गावे सुमारे दोनशे वर्षे पोर्तुगिजांच्या अमलाखाली होती. गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने १५३४च्या तहात वसई व तिच्या भोवतालचा मुलूख त्यांना दिला. पाठोपाठ फ्रान्सिस्कन आणि जेझुइट धर्मगुरू गावोगाव पोहोचले. शेतकरी आणि कोळी कुटुंबांतून धर्मग्राम (पॅरिश) उभे राहिले. याच समाजाने १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या वेळी, 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतले. घरातली बोली मात्र मराठीच राहिली.

मराठ्यांनी १७३७ साली साष्टी आणि मे १७३९मध्ये वसई जिंकली, तेव्हा पोर्तुगीज धर्मगुरू बहुतेक निघून गेले. मोठे मठ ओस पडले. गावच्या धर्मग्रामांचा भार गोव्याच्या धर्मगुरूंनी आणि गावकऱ्यांनी उचलला. या इतिहासात राजांच्या तहांइतकेच मोल गावकऱ्यांच्या या चिकाटीला द्यायला हवे.

मरोळजवळचे सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च जेझुइटांनी १५७९ साली बांधले. १८४०मध्ये साथीच्या रोगामुळे वस्ती उठली आणि धर्मग्राम मरोळला हलला. वेदी, खांब, मूर्तीही नव्या चर्चमध्ये नेल्या गेल्या. मागे उरल्या दगडी भिंती. छप्पर गेले की पावसाचे पाणी थेट भिंतीच्या माथ्यात शिरते, चुना धुपतो, आणि पक्ष्यांनी टाकलेल्या बीतून रुजलेल्या पिंपळाची मुळे सांधे उकलत जातात. १९७३ साली इथे सीप्झ हे निर्यात क्षेत्र उभे राहिले आणि भग्नावशेष त्याच्या कुंपणाआड गेले. वर्षातून एकदा, मे महिन्यात, तिथे मिस्सा होतो.

मनोरीच्या खाडीच्या दक्षिणेला, मढ बेटावरचे एरंगळचे सेंट बोनाव्हेंचर चर्च १५७५चे मानले जाते. ते समुद्राला लागून आहे, पण अजून वापरात आहे. जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी तिथे सण भरतो आणि उपनगरांतले ईस्ट इंडियन व कोळी मोठ्या संख्येने जमतात. माणसे येत राहिली की छप्पर शाकारले जाते, गळती वेळेवर कळते. एरंगळ आणि मरोळ यांच्या दैवातला फरक मुख्यतः इथे आहे.

मात्र डागडुजीही जपूनच करावी लागते. जुन्या भिंती चुन्याच्या, ओल बाहेर सोडणाऱ्या. त्यांवर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आतच कोंडते, खाऱ्या वाऱ्याने मुरलेले मीठ स्फटिक होऊन दगडाचा पृष्ठभाग पोखरते. हे नुकसान सहसा चर्च चांगले दिसावे या प्रेमापोटीच होते, म्हणून चुन्याचे काम जाणणारा गवंडी शोधणे महत्त्वाचे.

कायद्याचे संरक्षण दोन प्रकारचे आहे. १९५८चा केंद्रीय कायदा शंभर वर्षांहून जुन्या, राष्ट्रीय महत्त्वाच्या घोषित वास्तूंना लागू होतो. २०१०च्या दुरुस्तीने त्यांच्याभोवती १०० मीटर निषिद्ध आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र ठरले. बोरिवलीची मंडपेश्वर लेणी, ज्यांत फ्रान्सिस्कनांनी चर्च थाटले होते, याच कायद्याखाली पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहेत. दुसरीकडे, मुंबईत १९९५पासून आलेली वारसा नियमावली वास्तूंची श्रेणी ठरवते आणि यादीतल्या वास्तूत फेरफार करण्याआधी सहसा वारसा समितीचा सल्ला आवश्यक करते. त्यामुळे वापरातल्या चर्चचे नाव यादीत आले, तरी मालकी आणि रोजची निगा धर्मग्रामाकडेच राहते.