वर्गातील ध्वनिमुद्रण : परवानगी कोणाची, हक्क कोणाचा?

वर्गातील व्याख्यान विद्यार्थ्याने मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावे की नाही, हा प्रश्न आता केवळ शिस्तीचा राहिलेला नाही. पेण तालुक्यातील गडबसारख्या गावातून रोज महाविद्यालयात जाणाऱ्या विद्यार्थ्याचा एखादा तास चुकला, की मित्राकडील ध्वनिमुद्रण त्याला मोलाचे वाटते. अध्यापकाला मात्र आपले अर्धवट वाक्य संदर्भ सोडून सर्वत्र फिरेल, अशी धास्ती वाटते.

कायद्याने दोन्ही बाजूंचा विचार केला आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ साली दुरुस्ती झाली आणि गायक, नट यांच्याप्रमाणे व्याख्यान देणारी व्यक्तीही सादरकर्ता ठरली. सादरीकरणाचे ध्वनिमुद्रण करणे, त्याच्या प्रती काढणे व ते लोकांपर्यंत पोहोचवणे हे तिचे हक्क असून त्यांची मुदत ५० वर्षे आहे. त्याच कायद्याच्या कलम ३९ नुसार मात्र ध्वनिमुद्रण करणाऱ्याचा खासगी वापर, तसेच प्रामाणिक अध्यापन वा संशोधन यांसाठी केलेले ध्वनिमुद्रण हक्कभंग ठरत नाही. म्हणजेच स्वतःच्या अभ्यासासाठी जपलेले ध्वनिमुद्रण आणि व्हॉट्सअॅपवरून सर्वांना पाठवलेले किंवा यूट्यूबवर चढवलेले ध्वनिमुद्रण यांत कायदा फरक करतो. अर्थात, हक्कभंग होत नाही म्हणून वर्गातील शिस्तीचे नियम लागू होत नाहीत, असे नव्हे.

परदेशातही एकमत नाही. कॅलिफोर्नियातील सामुदायिक महाविद्यालयांत अध्यापकाच्या पूर्वसंमतीशिवाय ध्वनिमुद्रणास मनाई आहे. अपंग विद्यार्थ्यांच्या गरजेपुरता अपवाद आहे. याउलट फ्लोरिडाने २०२१ साली केलेल्या कायद्याने स्वतःच्या अभ्यासासाठी, तसेच तक्रारीचा पुरावा म्हणून संमतीविनाही वर्गातील व्याख्यान मुद्रित करण्याची मुभा दिली. भारतात २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने शिक्षणसंस्थांवर वाजवी सोयी पुरवण्याची जबाबदारी टाकली आहे. अंध वा हाताने लिहू न शकणाऱ्या विद्यार्थ्यासाठी ध्वनिमुद्रण ही अशीच एक सोय ठरू शकते.

संस्थेनेच केलेले चित्रमुद्रण हा निराळा प्रकार होय. सात आयआयटी व बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी २००३ साली सुरू केलेल्या 'एनपीटेल'मधील व्याख्याने मुळात सर्वांसाठीच तयार होतात. वर्गातील संवाद तसा नसतो. तेथे विद्यार्थी चुकतात, शंका विचारतात, मतभेद मांडतात. त्यांचाही आवाज मुद्रित होतो. मार्च २०२० नंतरच्या ऑनलाइन वर्गांत मुद्रण एका कळीवर आले आणि हा पेच घरोघरी पोहोचला.

म्हणून महाविद्यालयाचे धोरण लेखी हवे. परवानगी कोणी व केव्हा द्यायची, चर्चेच्या वेळी मुद्रण थांबवायचे का, तास चुकलेल्या सहाध्यायाला ते देता येईल का, परीक्षेनंतर ते पुसायचे का आणि अपंग विद्यार्थ्यांसाठी अपवाद कोणता, या पाच प्रश्नांची उत्तरे सत्रारंभीच मिळाली, तर विद्यार्थ्याला लपवाछपवी करावी लागणार नाही आणि अध्यापकालाही जपून बोलावे लागणार नाही.