'क्लॉडियस क्लिअर'
* हे टोपणनाव विल्यम रॉबर्टसन निकल (१८५१–१९२३) यांचे. ॲबर्डीनशरमधल्या लम्सडेन गावच्या पाद्रीबाबांचे हे चिरंजीव. मिळकत बेताची, पण घर पुस्तकांनी ठासून भरलेले. स्वतः निकलही केल्सोत पाद्री होते. प्रकृतीने दगा दिल्यावर १८८५ साली ते काम सोडून त्यांनी लंडन गाठले आणि १८८६ मध्ये 'ब्रिटिश वीकली', १८९१ मध्ये 'बुकमन' ही नियतकालिके काढली. बरेचसे लेखन अंथरुणातच, वर्तमानपत्रांच्या पसाऱ्यात चाले. लेखक जे. एम. बॅरी यांना उमेदीच्या काळात त्यांनी हात दिला, हे श्रेय निर्विवाद. मात्र एकाच पुस्तकाची भलामण निरनिराळ्या नावांनी अनेक नियतकालिकांतून करण्याची त्यांना खोड होती. आर्थर कॉनन डॉयल यांनी त्यावर जाहीर टीका केली, ती रास्तच होती.