नोकरी, लोकल आणि पदवी: नोकरदारांच्या उच्च शिक्षणाचा इतिहास
१/ सकाळची जलद लोकल डोंबिवली सोडते, तेव्हा त्या गर्दीत एखादा तरी नोकरदार परीक्षेची टिपणे चाळत असतो. नोकरी सांभाळून एम.ए. किंवा एम.कॉम. करायचे, तर घरबसल्या ऑनलाइन, की वर्गात बसून कमी मुदतीत? प्रश्न आजचा वाटतो, पण त्याची मुळे एकोणिसाव्या शतकात आहेत. #धागा

२/ १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी धावली. १ मे १८५४ रोजी रुळ कल्याणला पोहोचले. पुढे याच लोहमार्गाने राहण्याचे गाव आणि कामाचे शहर वेगळे केले. मुंबई विद्यापीठ स्थापन झाले १८५७ साली, तेही मुंबईतच. अंतर आणि वेळ या दोन्ही अडचणी येथूनच सुरू होतात.

३/ वेळेच्या अडचणीवर पुण्यात त्याआधीच उत्तर शोधले गेले होते. १८५५ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी शेतकरी व मजुरांसाठी रात्रशाळा काढली. दिवसभर राबणाऱ्याने शाळेची वेळ पाळावी, असा आग्रह त्यांनी धरला नाही. शाळेनेच त्याची वेळ पाळली.

४/ डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हा पेच स्वतः सोसावा लागला. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ साली त्यांना लंडनमधील शिक्षण अर्धवट सोडून परतावे लागले. १९१८ ते १९२० त्यांनी सिडनहॅम महाविद्यालयात अध्यापन केले. साठवलेला पगार, शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांचे कर्ज यांवर ते पुन्हा लंडनला गेले.

५/ १९२१ साली एम.एस्सी., १९२३ साली डी.एस्सी. नोकरी सोडून, सारा वेळ देऊन, झपाट्याने पूर्ण केलेले हे शिक्षण होते. त्याची किंमत घरच्यांनी काटकसरीने मोजली.

६/ इतरांसाठी मात्र त्यांनी निराळी वाट बांधली. पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे सिद्धार्थ महाविद्यालय २० जून १९४६ रोजी मुंबईत सुरू झाले. तेथील सकाळच्या वर्गांमुळे विद्यार्थी शिकून कामावर जाऊ शकत. शिक्षणासाठी राजीनामा द्यावा लागू नये, हा त्यामागचा विचार.

७/ तरीही कल्याणच्या कारकुनाला सकाळचा वर्ग म्हणजे पहाटेची गाडी. वेळ जुळली तरी अंतर उरलेच. त्यावरचा उपाय टपालाने आणला. दिल्ली विद्यापीठाने १९६२ साली पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू केले. मुंबई विद्यापीठाने १९७१ साली. हाच विभाग पुढे ‘आयडॉल’ म्हणून ओळखला गेला. १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले.

८/ या वाटेने प्रवास वाचवला, पण वर्गातील वाद, ग्रंथालयातील भेटी आणि शिक्षकाचा धाक हिरावला. ‘बाहेरून केलेली पदवी’ या शब्दांतला कमीपणाही चिकटला. कायद्याच्या पातळीवर तो आता उरलेला नाही: मान्यताप्राप्त संस्थेची दूरस्थ वा ऑनलाइन पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची आहे, हे विद्यापीठ अनुदान आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केले. अभियांत्रिकी, वैद्यक, विधी यांसारख्या शाखांना मात्र ही वाट खुली नाही.

९/ आणि कमी मुदतीची वाट? २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने एका वर्षाची पदव्युत्तर पदवी मांडली. पण ती चार वर्षांची पदवी घेतलेल्यांसाठी. आज नोकरीत असलेल्या बहुतेकांची पदवी तीन वर्षांची. त्यांना दोन वर्षेच लागतात. शिवाय मुदत आटली की रोजचा भार वाढतो. तो कार्यालयाच्या वेळेवरच येऊन पडतो.

१०/ ठाण्यात आणि कल्याणमध्ये आता मुंबई विद्यापीठाची उपकेंद्रे आहेत. विद्यापीठ रुळांच्या या टोकाकडे सरकू लागले आहे. हव्या त्या विषयाचा वर्ग तेथे मिळणे, ही वेगळी गोष्ट.

११/ बढतीसाठी पदवी हवी असेल, तर दूरस्थ वाट पुरेशी ठरते. त्यासाठी संस्थेची मान्यता आधी तपासावी. संशोधन, प्रयोगशाळा किंवा मार्गदर्शक हवा असेल, तर वर्गाला पर्याय नाही; त्यासाठी बाबासाहेबांप्रमाणे आधी शिल्लक जमवावी लागते. दोन्ही वाटा प्रतिष्ठेच्याच. पण नोकरदाराने किती झुकावे आणि विद्यापीठाने किती, हा १८५५ चा प्रश्न अजून सुटलेला नाही.