हायटल हर्निया: लक्षणे कशी ओळखावीत?

जेवण झाले, जरा आडवे झाले की छातीत जळजळ सुरू होते आणि आंबट पाणी घशाशी येते. बहुतेक जण याला 'पित्त झाले' म्हणून सोडून देतात. पण हा त्रास वारंवार होत असेल, तर त्यामागे हायटल हर्नियाही असू शकतो.

नेमके काय होते?

छाती आणि पोट यांच्यामध्ये श्वासपटल नावाचा स्नायूचा पडदा असतो. त्यातील एका छिद्रातून अन्ननलिका खाली जठराकडे जाते. हे छिद्र सैल झाले की जठराचा वरचा भाग छातीत सरकतो. बेंबीच्या किंवा जांघेतल्या हर्नियासारखी गाठ इथे बाहेरून दिसत नाही. पन्नाशीनंतर, वजन जास्त असल्यास किंवा गरोदरपणात हा त्रास अधिक आढळतो.

लक्षणे कोणती?

हर्निया लहान असेल तर अनेकांना काहीच जाणवत नाही. मोठा असल्यास पुढील त्रास होऊ शकतात:

- छातीत जळजळ. वाकल्यावर किंवा झोपल्यावर ती वाढते
- घशाशी आंबट येणे, सतत ढेकर
- घास गिळताना अडकल्यासारखे वाटणे
- थोडे खाल्ले तरी पोट गच्च होणे
- जेवणानंतर धाप लागणे
- कोरडा खोकला, आवाज बसणे
- कारण न सापडणारा अॅनिमिया (जठरातून थोडे थोडे रक्त जात राहिल्याने)

ताबडतोब दवाखान्यात कधी जावे?

छातीत किंवा पोटात अचानक तीव्र वेदना, उमासे येऊनही उलटी न होणे, रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शौचास होणे, ही धोक्याची चिन्हे आहेत. छातीत दाब येऊन घाम फुटला, वेदना हातात किंवा जबड्यात गेली, तर 'गॅस असेल' म्हणून थांबू नये. तो हृदयविकाराचा झटका असू शकतो. महाराष्ट्रात 108 क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते.

निदान आणि काळजी

केवळ लक्षणांवरून खात्री होत नाही. एंडोस्कोपी किंवा बेरियम पाजून काढलेल्या एक्स-रेने निदान होते. बहुतेकांना औषधे आणि सवयींतील बदल पुरतात: थोडे थोडे खाणे, जेवल्यावर दोन-तीन तास आडवे न होणे, पलंगाची डोक्याकडची बाजू 15 ते 20 सेंटीमीटर उंच करणे, वजन आटोक्यात ठेवणे. त्रास न थांबल्यास किंवा हर्निया मोठा असल्यास शस्त्रक्रियेचा विचार होतो.

आम्लपित्ताच्या गोळ्या महिनोन्‌महिने स्वतःच्या मनाने घेत राहिल्यास जळजळ दबते, मूळ कारण मात्र तसेच राहते. म्हणून गोळ्यांशिवाय भागत नसेल, तर एकदा डॉक्टरांकडून तपासून घ्यावे.