श्रोत्याची साक्ष

इतिहासाच्या अभ्यासकाला साधने लागतात. शिलालेख, ताम्रपट, बखरी, दफ्तरे, नाणी ही साधने आपल्या परिचयाची आहेत. पण गाण्याचा इतिहास लिहावयास बसले की मोठी पंचाईत होते. गाणे दगडावर कोरता येत नाही, आणि गवई उठून गेला की बैठकीवर काही मागे राहत नाही. राहते ते ऐकणाऱ्याच्या कानात. आपल्या आवडत्या गायक-वादकांना समोर बसून ऐकल्याच्या आठवणी आपण सारेच सांगतो. चहाचा पेला हातात असला म्हणजे तर अधिकच रंगवून सांगतो. त्या आठवणींना मी निव्वळ गप्पा समजत नाही. ती इतिहासाची साधने आहेत आणि ती भराभर नाहीशी होत आहेत, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

आता कोणी म्हणेल, ध्वनिमुद्रिका आहेत की! हिंदुस्थानात व्यावसायिक ध्वनिमुद्रण १९०२ साली सुरू झाले. मग श्रोत्याच्या साक्षीची गरज ती काय? याला उत्तर म्हणून दोनच नावे सांगतो. गायनाचार्य भास्करबुवा बखले १९२२ साली वारले, म्हणजे ध्वनिमुद्रणाच्या काळात ते वीस वर्षे गात होते. जयपूर घराण्याचे अध्वर्यू अल्लादियाखाँसाहेब १९४६ साली गेले. त्यांना तर या यंत्राची चव्वेचाळीस वर्षे मिळाली. पण या दोघांच्याही गाण्याची तबकडी आज आपल्यापाशी नाही. एकाने बालगंधर्व आणि मास्टर कृष्णराव यांना शिकवले, दुसऱ्याने केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांना. शिष्यांच्या गाण्यावरून गुरूंच्या गाण्याचा काही अंदाज बांधता येतो. बाकी सारी भिस्त आहे ती ज्यांनी त्यांना ऐकले त्यांच्या आठवणींवर. गोविंदराव टेंबे यांनी ‘माझा संगीत व्यासंग’ लिहिला नसता, प्रा. बा. र. देवधरांनी ‘थोर संगीतकार’ लिहिले नसते, तर त्या काळातील कितीतरी मैफलींवर आज अंधारच असता. टेंबे काय किंवा देवधर काय, स्वतः जाणकार कलावंत होते. पण ही पुस्तके लिहिताना ते श्रोत्याच्या जागी बसले.

सामान्य माणूस गवयासमोर येऊन बसला, यालाही फार काळ लोटलेला नाही. त्याआधी गाणे असे दरबारात, धनिकाच्या दिवाणखान्यात, नाहीतर देवळात. पहिल्या दोन ठिकाणी आपल्यासारख्याला दाराशी कोण उभे करणार? हे दार दोघांनी उघडले. एक, संगीत नाटकाने. चार-आठ आण्यांत कारकुनाला, शाळामास्तराला, दुकानदाराला तालमीत तयार झालेला गळा ऐकता येऊ लागला. दुसरे, पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांनी. त्यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि त्याच्या खर्चासाठी गावोगाव तिकीट लावून जलसे केले. तिकीट काढून आलेला माणूस आश्रित नसतो, तो मान ताठ ठेवून बसतो. गाणे ऐकण्याचा हक्क पैसे मोजून विकत घेता येतो, ही गोष्ट आज आपल्याला क्षुल्लक वाटेल. त्या काळी ती लहानसहान नव्हती.

या नव्या श्रोतृवर्गाच्या स्मृतीत सर्वांत खोल रुतलेली रात्र कोणती, असे विचाराल तर मी म्हणेन ८ जुलै १९२१ ची. टिळक स्वराज्य फंडाच्या मदतीसाठी मुंबईच्या बालीवाला थिएटरात खाडिलकरांच्या ‘मानापमाना’चा संयुक्त प्रयोग झाला. भामिनी बालगंधर्व, धैर्यधर केशवराव भोसले. गंधर्व मंडळी आणि ललितकलादर्श, दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे दोन मालक एका रंगमंचावर! पुढे तीन महिन्यांच्या आत, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, ऐन एकतिशीत केशवराव गेले.

त्या रात्रीचे ध्वनिमुद्रण नाही, आणि असणेही शक्य नव्हते. त्या काळी बंद खोलीत मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गावे लागे, आणि तबकडीची एक बाजू जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांत संपे. विजेवर चालणारे ध्वनिमुद्रण यायला १९२५ साल उजाडले. तेव्हा ‘संयुक्त मानापमान’ आपल्यापर्यंत आले ते प्रेक्षकांच्या तोंडून. पुढली चाळीस-पन्नास वर्षे ते घराघरांतून सांगितले जात राहिले. ज्यांचा जन्म त्यानंतरचा, अशीही माणसे ते पाहिल्यासारखे सांगत!

येथे इतिहासाच्या विद्यार्थ्याचा कान टवकारतो. सांगणारा वाढवून सांगत नसेल कशावरून? वाढवतोच. टाळ्या दुप्पट होतात, तान लांबते, गर्दी रस्त्यावर येते. पण आठवणीची एक गंमत मी पाहिली आहे. ती आकड्यांना कच्ची असली तरी प्रसंगाला पक्की असते. आमच्या करंजाड्यात, म्हणजे पनवेलच्या शेजारी सिडकोने वसवलेल्या वसाहतीत, ऐंशी उलटलेले एक गृहस्थ राहतात. मूळचे पुण्याचे. तरुणपणी ऐकलेल्या एका मैफलीचे साल त्यांनी मला ठामपणे १९६३ सांगितले. बोलता बोलता म्हणाले, “जाताना पेठेतल्या भिंतींवर पुराच्या गाळाची रेघ तशीच होती हो.” पानशेतचे धरण फुटले १२ जुलै १९६१ रोजी. गाळाची ती रेघ दोन वर्षे कोण ठेवील? तेव्हा मैफल १९६१ च्या उत्तरार्धातली असणार. साल चुकले, पण रेघेने ते दुरुस्त करून दिले. साक्षीदाराला उलटतपासणी हवी ती अशी, प्रेमाने घेतलेली.

पुढे ध्वनिमुद्रणाचे तंत्र सुधारले. आकाशवाणीने १९५२ साली संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला आणि खेड्यातल्या माणसालाही तास-दीड तासाचे सलग गाणे घरबसल्या मिळू लागले. वाटले असेल की आता मैफलीला कोण जातो? झाले उलटेच. रेडिओवर ऐकलेला गळा एकदा डोळ्यांनी पाहावा, अशी ओढ लोकांना लागली. १९५३ साली पंडित भीमसेन जोशी यांनी आपल्या गुरूंच्या, म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर ऊर्फ सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ पुण्यात महोत्सव सुरू केला. गुरू आदल्याच वर्षी वारले होते. तो महोत्सव वाढत वाढत हजारोंचा झाला. गावोगावची माणसे सतरंजी, कानटोपी आणि थर्मास घेऊन डिसेंबरच्या थंडीत रात्र-रात्र बसत.

मी विद्यार्थी असताना रमणबाग शाळेच्या मैदानावर त्या गर्दीत बसलो आहे. भीमसेनजींची ध्वनिमुद्रणे आज कोणालाही मिळतील, आणि ती ऐकावीच. पण त्यांत जे नाही ते सांगतो. सूर लावण्यापूर्वी ते डोळे मिटून तंबोऱ्यांकडे कान देत, तेव्हा एवढ्या मोठ्या मैदानावरची कुजबुज आपोआप बंद होई. तान निघाली की हात तिच्यापुढे धावे; सुराला जणू ते मुठीत धरून ओढून आणीत. समेवर हजारो माना एकदम खाली येत आणि शेजारचा अनोळखी माणूस माझ्याकडे पाहून हसे. त्याचे नाव मला ठाऊक नाही. ते हसणे अजून ठाऊक आहे. पुढे मुंबईच्या एका सभागृहात किशोरीताई आमोणकरांना ऐकले. तंबोरे मनासारखे लागेपर्यंत त्यांनी गाण्याला हात घातला नाही. काही मंडळी चुळबुळली. पण पहिला षड्ज आला तेव्हा त्या प्रतीक्षेचा अर्थ कळला. ध्वनिमुद्रण करणारा पहिली गोष्ट कापतो ती हीच प्रतीक्षा!

त्याच पुण्याच्या महोत्सवाची एक प्रथा मला फार बोलकी वाटते. शेवटच्या कलावंताचे गाणे झाले की सवाई गंधर्वांची भैरवीतली ठुमरी लावतात. जुन्या तबकडीवरची, काही मिनिटांची. इतके तास प्रत्यक्ष गाणे ऐकलेला समुदाय शेवटी एका यंत्रापुढे स्तब्ध होतो. मला वाटते, ज्याला आता समोर बसून ऐकता येणार नाही त्याला केलेला तो नमस्कार आहे.

आता रात्रीविषयी दोन शब्द. ध्वनिप्रदूषणाविषयीचे केंद्र सरकारचे नियम २००० साली आले. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. सण-समारंभासाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकते. नियम योग्यच आहे. आजाऱ्याला झोप हवी, परीक्षेच्या मुलाला शांतता हवी. पण त्याचा एक परिणाम गाण्यावर झाला. आपल्या रागांना वेळा आहेत. मालकंस आणि दरबारी रात्रीचे, ललित पहाटेचा. रात्रभराच्या मैफली मैदानावरून उठल्या आणि संध्याकाळचेच राग पुनःपुन्हा कानी पडू लागले. पहाटेचे राग दिवाळी पहाटेसारख्या प्रसंगांनी थोडेफार सांभाळले. पण रात्री नऊला बसून, मध्यरात्रीचा दरबारी आणि उजाडतानाचा ललित एकाच बैठकीत ऐकलेला श्रोता आज साठीच्या पुढचाच सापडावयाचा, निदान माझ्यासारखा चाळिशीतला. आमच्यामागून त्या अनुभवाला साक्षीदार नाही.

आणि हे काही केवळ पुण्या-मुंबईचे नाही. आमच्या पनवेल तालुक्यात आगरी-कोळी गावांतून भजनाची मोठी परंपरा आहे. पेटी, पखवाज, टाळ, आणि रागाच्या अंगाने बांधलेल्या चाली. हरिनाम सप्ताहात बुवा गात असत ते तिकिटावर नव्हे. नवी मुंबईच्या विमानतळासाठी दहा गावे उठली. त्यांतल्या काहींचे पुनर्वसन आमच्याच आसपास झाले. त्यांतल्या एका आजींना मी विचारले, “आजी, तुमच्या गावात गाणं कसं व्हायचं?” त्यांनी देऊळ कुठल्या अंगाला होते ते सांगितले, गॅसबत्ती कुठे टांगत ते सांगितले, बुवा मध्येच थांबून गूळपाणी कसे मागत ते सांगितले. रागाचे नाव त्यांना माहीत नव्हते. पण उजाडताना म्हणत ती चाल त्यांनी गुणगुणून दाखवली, आणि ती स्वच्छ भैरवी होती. जेथे ते देऊळ होते तेथे आज धावपट्टीचे आवार आहे. २०२५ च्या डिसेंबरात तेथून विमाने उडू लागली. त्या रात्रीचा कागद नाही, तबकडी नाही, जागासुद्धा नाही. आहे ती आजींची गुणगुण.

करंजाडे नवे आहे. येथे सातारचे, मिरजेचे, कोकणातले, खानदेशातले बिऱ्हाड एका जिन्यात राहते. नाट्यगृहासाठी आम्हांला पनवेलात वासुदेव बळवंत फडके नाट्यगृहाकडे जावे लागते. पण एकेका इमारतीत जुन्या मैफलींचे केवढे भांडार असेल! मिरजेच्या माणसाने मीरासाहेबांच्या दर्ग्यातल्या उरुसाचे गाणे ऐकलेले असते. कोकणातल्याने डबलबारीचा सामना पाहिलेला असतो. ते कोणी विचारीत नाही, म्हणून ते सांगत नाहीत.

माझ्या विद्यार्थ्यांना मी एक काम देतो, तेच आपणांसही सुचवितो. घरातल्या, शेजारच्या वडीलधाऱ्यांपुढे वही घेऊन बसा. गाणे किती थोर होते हे विचारू नका. त्याला सगळे ‘वा वा’ म्हणतात आणि विषय संपतो. कुठे बसला होता, पुढे कोण होते, तिकीट किती पडले, सोबत कोण आले होते, घरी कसे परतला, हे विचारा. साल चुकले तर चुकू द्या. त्या वर्षी पाऊस कसा होता, घरात कोणाचे लग्न झाले होते, ते विचारले की साल सापडते. एकाच मैफलीला गेलेले दोघे भेटले तर दोघांना वेगवेगळे विचारा. आणि चाल आठवत असेल तर म्हणावयास सांगा. आता प्रत्येकाच्या खिशात ध्वनिमुद्रणाचे यंत्र आहे. भास्करबुवांच्या श्रोत्यांना ते मिळाले नव्हते.

ही कामे सुटीची वाट पाहून करावयाची नसतात. त्या आजी या पावसाळ्यात पंच्याऐंशीच्या होतील.